झाकणाखालचे पत्र

मी एक जुना दुधाचा कॅन आहे. मित्रांनो, माझी गोष्ट खरे तर माझ्या जन्मापासून सुरू व्हायला हवी. पण आधी एका पत्राविषयी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ते पत्र हसबूला आले होते. हसबू म्हणजे माझा मालक, अतबरा या रेल्वेच्या गावचा दूधवाला. पत्र येऊन चार महिने झाले. त्यात तीन साधे प्रश्न होते. ज्याला लिहिता येते अशा माणसाला त्यांची उत्तरे द्यायला अर्धा तास पुष्कळ झाला. आणि हसबूला लिहिता येते. लहानपणी कुराणाच्या शाळेत लाकडी पाटीवर तो अक्षरे गिरवायला शिकला. रस्त्यात पडलेला कागदाचा कपटासुद्धा वाचल्याशिवाय तो पुढे जात नाही. तरी त्याने उत्तर लिहिले नाही. त्याने त्या पत्राची चौपदरी घडी केली आणि ती माझ्या झाकणाखाली दडपली.

तिथेच का, ते मी पुढे सांगेन. सांगताना मला राग येईल, तो तुम्ही सांभाळून घ्या. मी काही बोलका डबा नाही. बावीस वर्षे नुसता ऐकत आलो. आताही वाटते, ही गोष्ट माझ्यापेक्षा एखाद्या शहाण्या भांड्याने सांगितली असती तर बरे झाले असते. पण शहाणी भांडी स्वच्छ घरांत राहतात. त्यांना यातले काहीच ठाऊक नसते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तो कुठल्या गावी होता ते मला नक्की सांगता येणार नाही. फुटकी पातेली, तुटक्या तारा, कुणाचे तरी चेपलेले ताट, असे सगळे अॅल्युमिनियम वितळवून पत्रा केला आणि त्या पत्र्यातून मला घडवले. मला रुंद पोट दिले, आखूड गळा दिला, दोन्ही बाजूंना धरायला कान दिले. झाकण घट्ट बसावे म्हणून त्याच्या आत रबराची गोल चकती बसवली. मालगाडीतून मी अतबऱ्याला आलो तेव्हा इतका लखलखत होतो की बाजारातल्या माश्याही माझ्यावर बसून घसरत.

हसबूने मला गाढवावर बांधले आणि नदीकाठच्या आपल्या वस्तीवर नेले. दारात त्याची बायको सित्तना उभी होती. तिने झाकण उघडून माझ्यात हात घातला. कोपर आत गेले, खांदा अडला.

"माझा हात तळाला पोचत नाही," ती म्हणाली. "हा धुणार कसा?"

"धुवायचं काय त्यात, चुलत्याच्या पोरी?" हसबू म्हणाला. बायकोला तिकडे अशीच हाक मारतात. " धातू आहे. तुझ्या तुंब्यासारखा तो दूध पीत नाही."

"तुंब्याला मी रोज धूर देते. ह्याला कोण देणार?"

"लोखंडाला कुणी धूर देतं का? लोक हसतील."

मी लोखंडाचा नव्हतो, पण ते सांगणार कोण?

त्या घरातला तुंबा मी पाहिला. वाळक्या भोपळ्याचा, काळाभोर, सित्तनाच्या आईच्या वेळचा. दूध काढून झाले की सित्तना तो धूत असे. मग बाभळीचे निखारे आत टाकून, तोंड झाकून, खळखळ हलवत असे. निखारे बाहेर काढले की तुंबा कोरडा ठणठणीत होई आणि त्याला धुराचा गोडसर वास येई. त्यात ठेवलेले दूध दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही नासत नसे. सित्तनाला त्याचे कारण सांगता आले नसते. आई करायची म्हणून ती करत होती.

हसबू काहीही म्हणाला, तरी पहिला महिनाभर तिने मलाही धूर दिला. मला खाली तोंड करून निखाऱ्यांवर धरायची. माझे दिवस चांगले गेले ते तेवढेच. पुढे रेल्वेच्या वसाहतीतल्या गिऱ्हाइकांनी नाक मुरडले.

"हसबू, हे दूध आहे की चुलीचं धुणं?" स्टेशनमास्तरची बायको म्हणाली. "आमच्या चहाला जंगलाचा वास येतो."

हसबू लाजाळू माणूस. दारात उभ्या असलेल्या कुणालाही 'नाही' म्हणणे त्याला आजवर जमलेले नाही. त्याच संध्याकाळी त्याने धूर बंद करायला सांगितले. तुंबा खुंटीवर गेला.

धूर गेला तो गेला, त्याचे मला फार वाईट वाटले नाही. पण धुराच्या जागी दुसरे काहीच आले नाही! ना उकळते पाणी, ना सोडा, ना ऊन. जुनी चाल मोडली आणि तिची जागा रिकामीच राहिली. लोकांनी माझ्याकडे पाहिले आणि ठरवले, हा चमकतो म्हणजे हा स्वच्छच आहे.

मग बावीस वर्षे काय चालले ते ऐका. रोज सकाळी हसबू मला नदीच्या वाळूने घासायचा. बाहेरून! पोट, गळा, कान, बूड, सगळे लख्ख. आणि आतून? आतून तांब्याभर नदीचे पाणी घालून दोन गरके द्यायचे आणि ते ओतून टाकायचे. कधी मनात आलेच तर मूठभर वाळू आत टाकून खडखडवायचा. त्या वाळूने माझ्या आतल्या अंगावर ओरखडे पडले. त्या ओरखड्यांत कालचे दूध बसले, परवाचे बसले, गेल्या उन्हाळ्यातले बसले. माझ्या गळ्याच्या वळणावर पिवळा थर धरला. तो मी किती वर्षे वागवला आहे ते मला सांगायचीही लाज वाटते.

झाकणातली रबराची चकती दुसऱ्याच उन्हाळ्यात कडक होऊन तुटली. तिच्या जागी चिंधी आली. आधी हसबूच्या फाटक्या फेट्याचा तुकडा, मग पोत्याचा, मग कसला ते कुणी पाहिले नाही. गाढव चालले की दूध हिंदकळे, चिंधी भिजे, आणि भिजलेल्या चिंधीतून निथळून ते पुन्हा माझ्यातच पडे. उन्हाळ्यात बर्फाच्या कारखान्यातली लादी फोडून तिचे तुकडे माझ्यात टाकत. ती लादी जमिनीवरून पायांनी ढकलत आणतात हे सगळे गाव पाहते. सकाळचे उरलेले दूध संध्याकाळच्या दुधात जाई. आणि मापाचा डबा! रत्तलभर दूध मोजताना हसबूचा अंगठा दर वेळी दुधात बुडे. त्याच अंगठ्याने तो गाढवाच्या मानेवरची गोचीड काढी.

आणि अशा माझी स्तुती होत होती, मित्रांनो. त्याचाच मला सर्वांत जास्त राग येतो.

"तुझ्या कॅनमध्ये मला माझ्या सुरकुत्या मोजता येतात रे, हसबू," हाज्जा बखीता म्हणायच्या. "जरा कमी घासत जा."

"तुमच्यासाठीच घासतो, हाज्जा."

"खोटारडा! त्या स्टेशनमास्तरणीसाठी घासतोस."

हाज्जा बखीता रेल्वेच्या वसाहतीत तिसऱ्या गल्लीत राहायच्या. नवरा इंजिनावर होता, तो कधीच वारला. घरात त्या आणि त्यांची मुलगी इक्बाल. इक्बाल मुलींच्या शाळेत गणित शिकवते, म्हणून सगळे तिला उस्ताझा म्हणतात. हाज्जांची एक सवय होती. पहिले माप त्या भांड्यात घेतच नसत. दारातच हात पुढे करायच्या, हसबू माप त्यांच्या हातात द्यायचा आणि त्या ते कोमट दूध तसेच घटाघटा प्यायच्या.

"आई, उकळून पी ना," इक्बाल आतून ओरडायची.

"उकळलेलं दूध म्हणजे मेलेलं दूध. तू तुझी गणितं उकळ."

मग त्या ओठ पुसत हसबूला सांगायच्या, "शिकवून शिकवून हिला दुधाचीसुद्धा भीती बसलीय."

गिऱ्हाइके मला तपासत नसत असे नाही. तपासायची, फार कसून तपासायची. दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर धरायच्या. ओघळला तर त्यात पाणी, थांबला तर दूध खरे. वर फेस किती आला ते बघायच्या. उकळल्यावर साय किती धरली ते दुसऱ्या दिवशी ऐकवायच्या. पण बावीस वर्षांत एकाही बाईने, एकाही पुरुषाने माझे झाकण उचलून आत डोकावून पाहिले नाही. एकदा नगरपालिकेचा माणूस आला होता. त्याने काचेची नळी दुधात सोडली, ती किती बुडते ते वाकून पाहिले आणि म्हणाला, "पाण्याचा थेंब नाही! शाबास, हसबू. तुझ्यासारखे चार असते तर माझी नोकरी सोपी झाली असती." मग त्याने ती नळी पुसली. कशाने पुसली? माझ्या झाकणातल्या चिंधीने! पुसली आणि पुढच्या दूधवाल्याच्या कॅनमध्ये बुडवली.

हसबू त्या दिवशी किती खूश होता. आणि तो लबाड नव्हताच. त्याने दुधात कधीच पाणी घातले नाही. त्याच्या मनात प्रामाणिकपणाची व्याख्या तेवढीच होती. पाणी नाही ना घातले? मग झाले. मी त्याच्यावर चिडतो, आणि लगेच मला शंका येते की मी अन्याय तर करत नाही ना. पण पुढे जे घडले ते ऐका आणि तुम्हीच ठरवा.

गेल्या वर्षी रमजानच्या तोंडावर झर्काचे वासरू पडले. झर्का ही हसबूची राखाडी गाय. गाभाचा सातवा महिना होता. सकाळी सित्तनाला काटेरी कुंपणापाशी ते सापडले. तिने नुसत्या हातांनी ते उचलले, खड्डा करून पुरले, हात मातीने पुसले आणि गोठ्यात आली. हसबू झर्काच्याच आचळाशी बसला होता.

"तिचं दूध वेगळं काढ," ती म्हणाली. "माझी आई वासरू टाकलेल्या गाईचं दूध घरात येऊ द्यायची नाही."

"तुझी आई रानात राहायची. तिला दारोदार जायचं नव्हतं. रमजान आलाय. सगळे दुप्पट मागतायत. कुणाला नाही म्हणू?"

"झर्काला नाही म्हण."

हसबू उठला. बादली उचलली आणि माझ्यात ओतली. झर्काचे दूध, बाकीच्या चार गाईंचे दूध, सगळे एक झाले. ते दिसायला पांढरेच होते. नखावर थांबले, फेसही छान आला. मी पोट फाटून फुटावे असे मला वाटले. पण जाड पत्रा, फुटतो कुठे!

ईद झाली आणि हाज्जा बखीता आजारी पडल्या. संध्याकाळी ताप चढायचा, रात्रभर घाम यायचा, सकाळी उतरायचा. चार दिवस बरे वाटायचे, की पुन्हा तेच. कंबर धरली, गुडघे धरले, उठवेना. गावच्या दवाखान्यात त्यांना तीनदा हिवतापाचे औषध दिले. शेवटी इक्बालने रजा काढली आणि आईला गाडीने खार्तूमच्या मोठ्या इस्पितळात नेले. तिसऱ्या गल्लीतल्या त्या दाराला कुलूप लागले. हसबू त्या दारावरून जाताना गाढवाला टाच मारू लागला.

आणि मग ते पत्र आले. वस्तीवर टपाल येत नाही. हसबूच्या नावाचे काही आले तर धान्यवाल्याच्या दुकानात ठेवतात. धान्यवाल्याने ते त्याच्या हातात दिले, तेव्हा हसबूला केवढा आनंद झाला! पत्र येण्याजोगे त्याला कुणीच नव्हते. त्याने गाढव कडुलिंबाच्या सावलीत थांबवले, माझ्यावर कोपर टेकले आणि वाचू लागला. कुराणाच्या शाळेतली सवय, त्यामुळे तो मनात वाचू शकत नाही. ओठ हलवून, पुटपुटत वाचतो. म्हणून मला ते शब्द न् शब्द ठाऊक आहे.

"हसबू काकांस सलाम," इक्बालने लिहिले होते. "आईचा ताप अजून जात नाही. इथल्या एका तरुण डॉक्टरांना वाटते की हा हिवताप नाही, दुधातून येणारा ताप आहे. पण रक्त तपासायचे सामान इथे संपले आहे आणि दुसरे डॉक्टर मानत नाहीत. त्या तापाचे औषध वेगळे असते, दोन महिने घ्यावे लागते, आणि खात्री झाल्याशिवाय ते सुरू करत नाहीत. म्हणून मला तीन गोष्टी कळवा. तुमच्या एखाद्या गाईचे वासरू अर्धवट पडले का? तिचे दूध आमच्याकडे येत होते का? आणि तेच दूध आणखी कुठल्या घरांत जाते? काका, मी तुमच्यावर तक्रार करणार नाही. आई तर रोज म्हणते, 'हसबूच्या दुधात खोट असणं शक्य नाही.' फक्त खरे ते लिहा. लवकर लिहा. आईला आता उठून बसवत नाही."

हसबूने ते दोनदा वाचले. दुसऱ्यांदा 'खोट असणं शक्य नाही' या ओळीपाशी त्याने कागद मिटला. त्याने पत्र खिशात घातले. लगेच बाहेर काढले. सित्तना दर गुरुवारी त्याचा अंगरखा धुते. तिला वाचता येत नाही, पण खिशात कागद सापडला की ती म्हणते, 'वाच, काय आहे ते.' तो इकडेतिकडे पाहत राहिला. मग साखरेची रिकामी प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यात पत्र गुंडाळले, ते चिंधीत बांधले आणि माझ्या झाकणाखाली दडपून बसवले.

आता सांगतो, तिथेच का. एवढी मोठी वस्ती, गोठा, कुंपण, पेटी, छप्पर. पण त्याला माहीत होते की ह्या सगळ्या जागा केव्हा ना केव्हा कुणीतरी साफ करते. कुणी कधीच साफ करत नाही अशी जागा त्याला एकच आठवली. माझे झाकण! म्हणजे त्याला ठाऊक होते, मित्रांनो. बावीस वर्षे त्याला नीट ठाऊक होते की तिथे कुणी पाहत नाही, तोही नाही.

चार महिने त्याने ते पत्र माझ्या तोंडावर बांधून गावभर फिरवले. वाटेने तो पुटपुटत उत्तर रचायचा. "उस्ताझा इक्बाल यांस, सलामनंतर कळवतो की..." इथवर आला की थांबायचा. मग, "इतकी शिकलेली बाई, माझ्या ओळीत चूक निघाली तर?" मग, "गाय कोण घेईल? वसाहतीत तोंड कसं दाखवू?" मग पुन्हा, "उस्ताझा इक्बाल यांस..." मला ओरडावेसे वाटे. अरे, ती तुझ्या शुद्धलेखनाला गुण देणार आहे का? तिची आई बिछान्यावर आहे!

आणि तोवर ताप गल्ल्यागल्ल्यांत फिरला. पावाच्या भट्टीवाला शरीफ पडला. रेल्वेतल्या एका फिटरची बायको पडली, तिचे दिवस भरत आले होते, तिचे मूल गेले. ती रोज अर्धा रत्तल घ्यायची. दाराशी बायका बोलत.

"नव्या टाकीत कबूतर मरून पडलंय म्हणे. त्या पाण्यानंच होतंय हे."

"डास झालेत किती! काय हो, हसबू काका, तुम्ही गावभर फिरता. तुम्हाला काय वाटतं?"

आणि हसबू काय म्हणाला ते मी विसरणार नाही. माझ्यावर हात ठेवून, मान खाली घालून तो म्हणाला, "पाणी उकळून प्या हो. पाणी उकळून प्या."

पाणी!

काल दुपारची गोष्ट. फेरीवरून आल्यावर हसबू झोपडीत आडवा झाला होता. सित्तना अंगणात बसली होती. तीन आठवडे झाले, तिलाही संध्याकाळी ताप येतो. गुडघे सुजले आहेत. ती उठते ती भिंतीला धरून. सकाळीच स्टेशनमास्तरच्या बायकोने दूध परत केले होते, आंबट वास येतो म्हणून. वास कुठून येतो ते पाहायला सित्तनाने माझे झाकण उचलले, तोंडाशी नेले आणि झटकन मान फिरवली. मग नाक धरून तिने ती चिंधी ओढली. चिंधीबरोबर पिशवी आली. पिशवीत पत्र.

"अरे माणसा! ऊठ. हे काय आहे?"

हसबू बाहेर आला आणि तिथेच थांबला.

"कागद आहे. गळू नये म्हणून लावला असेल."

"लावला असेल? कॅन तुझा, झाकण तुझं, लावला कुणी, गाढवानं? वाच."

"जुनं आहे. नीट दिसत नाही."

"रस्त्यावरचा मातीत लोळलेला कागद दिसतो तुला. वाच."

त्याने पत्र उघडले. कडा पिवळ्या पडल्या होत्या, पण अक्षर शाबूत होते. "हसबू काकांस सलाम... आईचा ताप अजून जात नाही..." तो थांबला.

"पुढं?"

"पुढचं दुधानं पुसलंय."

"पुसलंय, तर बोटानं ओळ का झाकतोस? आईचा ताप, म्हणजे कुणाच्या आईचा?"

हसबू खाली बसला. मग त्याने सगळे वाचले, शेवटपर्यंत, पुटपुटत नाही तर मोठ्याने. 'आईला आता उठून बसवत नाही' ही ओळ वाचून झाल्यावर त्याने कागद मांडीवर ठेवला.

"कधी आलं?" सित्तनाने विचारले.

"चार महिने झाले."

तिने त्याच्याकडे पाहिले. मग आपल्या सुजलेल्या गुडघ्यांकडे पाहिले. मग आपल्या दोन्ही तळव्यांकडे, ज्यांनी ते वासरू पुरले होते.

"आणि तीन आठवडे मी रोज तुला विचारतेय, मला झालंय तरी काय. तू काय म्हणायचास? 'वारं लागलं असेल.' वारं! तुझ्याजवळ उत्तर होतं आणि ते तू चिंधीत बांधून ठेवलंस!"

"भीती वाटली गं."

"हाज्जाला नाही वाटली? ती तुझ्या नावाची शपथ घेत मरायला टेकलीय, आणि तुला भीती तुझ्या अक्षराची!"

"अक्षराची नाही फक्त."

"मग लिही. आत्ता. मी चूल पेटवते."

"चूल कशाला?"

"पाणी उकळायला. तू सगळ्यांना सांगत फिरतोस ना, पाणी उकळा म्हणून?"

भिंत धरून धरून तिने चूल पेटवली. उकळते पाणी आणि मूठभर सोडा तिने माझ्यात ओतला. काठीला लिंबाच्या काड्यांचा कुंचा बांधला, कारण तिचा हात आजही माझ्या तळाला पोचत नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या गळ्याशी गरम पाणी लागले. पहिले पाणी बाहेर पडले ते कसे होते हे मी सांगणार नाही. सित्तनाने ते पाहिले आणि हसबूलाही पाहायला लावले. दुसरे पाणी करडे होते. चौथे स्वच्छ निघाले. मग तिने बाभळीचे निखारे केले, मला त्यांच्यावर पालथे धरले, आणि धरता धरता ती रडली. मला तो धूर ओळखीचा वाटला. पण मला आनंद झाला नाही. आता उशीर झाला होता ना! धुतल्याने मी स्वच्छ झालो, झर्काचे दूध स्वच्छ झाले नाही. ते उकळल्याशिवाय पिण्याजोगे नव्हतेच कधी.

हसबू पाटावर कागद घेऊन बसला होता. त्याने तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिले. लांबलचक माफी नव्हती, मोठे शब्द नव्हते. मला ते पाठ आहे, कारण लिहितानाही तो पुटपुटतो:

"उस्ताझा, होय. रमजानच्या आधी झर्काचे वासरू सातव्या महिन्यात पडले. होय, तिचे दूध तुमच्याकडे येत होते, हाज्जा ते कच्चे प्यायच्या. ज्या घरांत जात होते त्यांची नावे मागे लिहिली आहेत. सित्तनालाही तोच ताप आहे. तुमचे पत्र मला वेळेवर मिळाले होते. उत्तर मी दिले नाही."

आज सकाळी आम्ही निघालो. मी गाढवाच्या एका अंगाला रिकामा टांगलेला, वर सित्तना बसलेली, कारण तिला दवाखान्यात न्यायचे होते. झर्काला वेगळे बांधून ठेवले होते, तिला पाहायला जनावरांचा डॉक्टर यायचा आहे. हसबू दारोदार थांबला.

"आज दूध नाही. आमच्या गाईला रोग आहे. जे घरात असेल ते ओतून टाका. ताप येत असेल तर दवाखान्यात जा आणि सांगा की हसबूचं दूध प्यायलो. इथून पुढं कुणाचंही घ्या, पण उकळून घ्या."

"म्हणजे इतके दिवस आम्ही काय प्यायलो?" स्टेशनमास्तरची बायको म्हणाली.

"तेच, बाई."

"आणि वर मला म्हणालास, पाणी उकळा!"

फिटरच्या दारात त्याची बायको आली. हसबूने तेच शब्द म्हटले. तिने हळूच दार लावून घेतले. त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

भट्टीवाला शरीफ मात्र शिव्या देतच बाहेर आला. "दाढी पिकली, लाज नाही पिकली! मी दोन महिने पीठ मळू शकलो नाही, तुला माहीत होतं?"

"होतं," हसबू म्हणाला.

शरीफने मला लाथ मारली. माझ्या पोटाला हा खळगा पडला आहे तो तेव्हाचा. मला बरे वाटले. कुणीतरी मला पहिल्यांदाच माझ्या चमकेवरून पारखले नव्हते.

मित्रांनो, मी काही शिकवावे इतका मोठा नाही. पण तुमच्या दारी दूध आणणाऱ्याचे भांडे बाहेरून कितीही चकचकीत असले, तरी एकदा झाकण उचला. आत बघा. झाकणाखाली काय आहे ते बघा. ते भांडे गरम पाण्याने धुतलेले असू द्या, दूध उकळू द्या, मेलेले म्हणाले कुणी तर म्हणू द्या. आणि कुणी तुम्हाला साधा प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर तुम्हाला माहीत असेल, तर ते कुठे दडपून ठेवू नका. भांड्यात तर नाहीच नाही. दडपलेली वस्तू आतल्या आत सडते. हे मी कुठे वाचलेले नाही, मी ते भोगलेले आहे.

टपाल कचेरीशी आम्ही पोचलो तेव्हा ऊन तापले होते. कारकून ओळखीचा होता. त्याने पाकीट हातात घेऊन हुंगले.

"काय हसबू, पत्राला दुधाचा वास? धुराचापण येतोय."

"दुपारच्या गाडीनं जाईल ना?"

"जाईल. पण घाई कसली? एवढ्या वर्षांत तुझं पहिलं पत्र बघतोय मी."

"घाई आहे," हसबू म्हणाला.

तिकीट चिकटवायला त्याची जीभ कोरडी पडली होती. कारकुनाने ओला स्पंज पुढे केला. हसबू पाकीट घेऊन बाहेर पेटीपाशी आला, अर्धे आत सरकवले आणि दोन बोटांनी धरून ठेवले. पलीकडे फलाटावर गाडीत डाकेच्या थैल्या चढवत होते.

"उस्ताझा वाचेल तेव्हा," तो म्हणाला, "हाज्जा..."

"सोड आता, माणसा," गाढवावरून सित्तना म्हणाली.

त्याने सोडले.